काचकाम करणाऱ्याची सनद : अनुभवाला कागदाची जोड कशी द्यावी

आमच्या तळवड्याच्या कापड दुकानाची दर्शनी काच ज्या मिस्त्रीने बसवली, तो एका दुपारी गादीवर येऊन बसला. चेहरा उतरलेला होता. चाकण रस्त्यावरच्या एका इमारतीचे काचेचे काम त्याला उपठेक्याने मिळाले होते. दर ठरला होता, माणसे जमवली होती. आत शिरण्याच्या दिवशी फाटकावर विचारणा झाली, "प्रमाणपत्र कुठे आहे?" मिस्त्री म्हणाला, "शेठ, वीस वर्षं काच कापतोय. मी कोणतं प्रमाणपत्र दाखवू? हात दाखवला, तर ते हसले." काम दुसऱ्याला गेले.

मी त्याला म्हटले, जुनी बिले काढ. त्याच्याकडे एकही नव्हते. मग माझ्या लक्षात आले की माझ्या दुकानाच्या कामाचेही बिल नाही. मी रोख पैसे दिले होते आणि साधी चिठ्ठीही मागितली नव्हती. कापडाच्या गठ्ठ्यावर मिलचा शिक्का नसेल तर आपण माल परत करतो, पण ज्याच्या हुनरावर आपले दुकान उभे आहे त्याच्या कामावर शिक्का उठवावा, हे मला कधी सुचले नाही. त्यानंतर त्याच्यासोबत जी धावपळ केली, तीच व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी येथे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. विजेच्या वायरिंगला जसा सरकारी परवाना लागतो, तसा काच बसवण्याचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. कोणी एजंट तुम्हाला "काचेचे लायसन" काढून देतो म्हणाला, तर खिशावर हात ठेवावा. गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी हे धंद्याचे कागद आहेत. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, ती जरूर करावी. पण अमुक माणसाला काच बसवता येते, असे त्यात कुठेही लिहिलेले नसते.

हाताच्या कामाची ओळख देणारे दोन रस्ते मात्र आहेत. पहिला आपल्या राज्यातलाच आहे आणि बहुतेक काचवाल्यांना तो माहीत नाही. १९९६च्या केंद्रीय कायद्यातून जे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आले, त्याच्या महाराष्ट्रातील कामांच्या यादीत "काच कापणे, काचरोगण लावणे व काचेची तावदाने बसविणे" हे काम स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. म्हणजे गवंडी आणि सेंट्रिंगवाल्याप्रमाणे काचवालाही बांधकाम कामगार आहे. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षभरात ९० दिवसांपेक्षा जास्त काम केल्याचा दाखला असावा. हा दाखला ठेकेदार किंवा मालक देतो. गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेचा अधिकारीही देऊ शकतो. ही नोंदणी म्हणजे कौशल्याची परीक्षा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पण एका सरकारी खात्याने तुमच्या नावापुढे काचेचे काम लिहिले, ही गोष्ट लहान नाही. दरवर्षी नूतनीकरण केले की वर्षावर वर्ष चढत जाते आणि अनुभवाचा हिशेब आपोआप तयार होतो.

दुसरा रस्ता परीक्षेचा. १५ जुलै २०१५ रोजी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि तिच्यात "पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता" हा भाग ठेवला गेला. बोलण्यात त्याला आरपीएल म्हणतात. कल्पना सरळ आहे. जो माणूस उस्तादाच्या हाताखाली शिकला, त्याला पुन्हा पहिलीत बसवू नये. थोडे दिवस उजळणी द्यावी, बाहेरच्या परीक्षकाने त्याचे काम पाहावे, तोंडी प्रश्न विचारावेत आणि पास झाल्यास प्रमाणपत्र द्यावे. त्यावर कामाचे नाव आणि पातळी असते. आधार आणि बँक खाते लागते. मोबाइल चालू असावा, कारण सगळी नोंदणी त्याच्यावर येते.

येथे एक ठोकर लागते. शिबिर ज्या कामाचे भरते, त्याच कामाचे प्रमाणपत्र मिळते. काचवाला गर्दीत जाऊन दुसऱ्याच कामाची परीक्षा देऊन येतो, कागद फ्रेम करून लावतो, आणि पुढे फाटकावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. म्हणून नाव देण्यापूर्वी कामाचे नेमके नाव विचारावे. यादीत "काच" हा शब्द सापडला नाही, तर अॅल्युमिनियम, खिडकी-दरवाजा, फॅब्रिकेशन अशा नावांखाली पाहावे आणि अभ्यासक्रमात काच बसवण्याचे काम खरोखर आहे का, ते वाचून घ्यावे. विचारपूस मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमध्ये किंवा औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये करता येते. सुतार, वेल्डर, वायरमन अशा आयटीआयच्या व्यवसायातील जुन्या कारागिरांनी तेथे खासगी परीक्षार्थी म्हणून बसण्याबद्दलही विचारावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात सुतार, राजमिस्त्री आणि शिंपी आहेत, काचवाला नाही. उगाच रांगेत उभे राहू नये.

आता परीक्षेबद्दल. आमचा मिस्त्री कामात पक्का, पण त्याची भाषा सुताची. "तीन सूत कमी कर" म्हटले की पोरगा बरोबर कापतो. परीक्षक मात्र मिलिमीटर विचारतो. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, एवढे पाठ केले की अर्धी भीती जाते. पुढचा प्रश्न "का" चा असतो. काच चौकटीत ठोकून का बसवायची नाही? मिस्त्री म्हणाला, "उन्हाळ्यात तडकते." उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. ऊन लागले की अॅल्युमिनियम काचेपेक्षा दुपटीहून अधिक वाढते. तीन मीटरची पट्टी ४० अंशांनी तापली तर सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढते आणि तेवढीच लांब काच जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून कडेला फट ठेवायची, आणि काच धातूवर न टेकवता खाली रबराचे ठोकळे द्यायचे. वीस वर्षे तो हेच करत आला होता, फक्त कारण कोणी त्याच्याकडून बोलवून घेतले नव्हते.

तसेच वजनाचे. एक चौरस मीटर काच, जाडी एक मिलिमीटर, तर वजन अडीच किलो. बारा मिलिमीटरचा २.१ मीटर उंच आणि ०.९ मीटर रुंद दरवाजा म्हणजे सुमारे ५७ किलो. हा हिशेब तोंडावर असला की किती माणसे लावायची, हे अंदाजाने सांगावे लागत नाही. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप, भोक, खाच सगळे आधी. ती फुटली तर बोथट तुकडे होतात आणि साध्या काचेच्या सुऱ्या होतात. लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून राहते. कोणत्या जागी कोणती काच, याचे नियम राष्ट्रीय इमारत संहितेत आहेत आणि सुरक्षा काचेचे भारतीय मानक २५५३ क्रमांकाचे आहे. कोपऱ्यातला शिक्का पाहून काच उतरवून घ्यावी. हिरकणी हातात धरणाऱ्याला हे सांगायला नको, पण परीक्षेत सांगावे लागते.

परदेशात मात्र परवाना खरोखरच आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात घराचे काचकाम मजुरी आणि माल धरून ५,००० डॉलरच्या वर गेले की परवाना लागतो. क्वीन्सलंडमध्ये ही मर्यादा ३,३०० डॉलर आहे. तेथे अनुभवी माणूस नोंदणीकृत संस्थेकडून आधी अनुभवाची तपासणी करून काचकामाचे तिसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र घेतो आणि मग राज्याकडे परवान्यासाठी अर्ज करतो. प्रमाणपत्र वेगळे, परवाना वेगळा, आणि व्हिसा तिसराच. ते मागतात काय? कामाचे फोटो, मालकांची पत्रे, पगाराच्या नोंदी, आणि जेथे उणीव दिसेल तेथे प्रत्यक्ष काम. "परीक्षा नाही, आठवड्यात सर्टिफिकेट" अशी जाहिरात दिसली तर दूर राहावे. २०२४च्या अखेरीपासून तिकडच्या नियामकाने अशा रीतीने वाटलेली हजारो प्रमाणपत्रे रद्द केली आहेत. पैसे गेले आणि नावही गेले.

आपल्याकडचे अधिक लोक आखाताकडे पाहतात. सौदी अरेबियाने कामगार निघण्यापूर्वीच त्याची कौशल्य तपासणी सुरू केली. भारतात २०२२च्या अखेरीस प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा पाच कामांपासून ती सुरू झाली आणि पुढे आणखी कामे जोडली गेली. "तिकडे गेल्यावर शिकून घेऊ" हा जमाना संपला. एजंट १९८३च्या कायद्याखाली नोंदलेला आहे का, ते पाहावे. त्याला घेता येणारे शुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढेच.

आता कागदाच्या मूळ अडचणीकडे येतो. अनुभव सिद्ध करायचा तर बिले हवीत. वर्षाची सेवा २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी नसली तरी साधे बिल देता येते. तारीख, जागा, काचेचा प्रकार आणि जाडी, माप, रक्कम, सही. कार्बन लावून एक प्रत ठेवली की झाले. पैसे बँकेतून घ्यावेत. कामापूर्वी आणि कामानंतर एकेक फोटो काढावा आणि त्यात स्वतः उभे राहावे, नाहीतर काच दिसते, कारागीर दिसत नाही.

मागील वर्षांचे काय? काही मंडळी जुन्या तारखेची बिले छापून घेतात. हे करू नये, ते खोटे आहे आणि पकडले जाते. पण आजच्या तारखेने, मागील कामाबद्दल खरे पत्र देण्यात काहीच गैर नाही. मी आमच्या दुकानाच्या लेटरहेडवर लिहून दिले की अमुक वर्षी दर्शनी काच आणि दरवाजा यांनी बसवला आणि आजवर तो व्यवस्थित आहे. उद्घाटनाचा एक फोटो सापडला. त्यात मागे शिडीवर हाच मिस्त्री रबर दाबताना दिसतो, आणि फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा तारखेचा शिक्का आहे. तो सोबत जोडला. रुपीनगर आणि ज्योतिबानगरमधील त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांकडेही आम्ही गेलो. सहा जणांनी पत्रे दिली. एकाने टॅक्सची भीती सांगून नाही म्हटले. पत्र देण्याने कोणता टॅक्स लागतो, ते मला अजून समजलेले नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला नावात. आमच्यासारखी उर्दू शाळेत शिकलेली मंडळी हे चांगले जाणतात. दाखल्यावर "इकबाल", आधारवर "इक्बाल", बँकेत रोमन लिपीत तिसराच प्रकार, आणि "शेख" कधी आधी तर कधी शेवटी. परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आधारवरील नाव छापले जाते, मग ते जुन्या पत्रांशी जुळत नाही. म्हणून पत्रे गोळा करण्यापूर्वी एक नाव ठरवावे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा विचार करूनच बदलावे. फरक मोठा असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. अर्ज ऑनलाइन होतो. मी स्वतः मराठी अर्ज बाजारात लिहायला शिकलो, शाळेत नाही. ज्याला जमत नाही त्याने लाज न धरता दुकानदाराला सांगावे.

मिस्त्रीचा ९० दिवसांचा दाखला एका ठेकेदाराने तीन फेऱ्यांनंतर दिला आणि बांधकाम कामगार म्हणून त्याची नोंदणी झाली. राजपत्राचा अर्ज गेला आहे. परीक्षेला तो नाव जुळल्यावरच बसणार आहे. दरम्यान त्याने छापील बिलबुक करून घेतले. पहिले बिल आमच्याच दुकानाचे आहे : ट्रायल रूमचा आरसा, पाच मिलिमीटर, एक नग, बसवण्यासह.