आईची हिशेबवही आणि आठवीची परीक्षा

मैत्रिणींनो, "आम्हाला कुठं येतं गणित? ते सरांचं काम," असं बैठकीत नेहमी ऐकू येतं. पण बचत, कर्ज, व्याज, हप्ता दर महिन्याला कोण मांडतं? आपणच ना!

हे सांगायचं कारण म्हणजे आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा. यात निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यात जमा होतात. चार वर्षांचे 48,000. पैशापायी दहावीनंतर मुलीची शाळा सुटते, तिथं ही रक्कम मोठा आधार आहे.

कोण बसू शकतं?
जिल्हा परिषद, नगरपालिका, शासकीय किंवा अनुदानित शाळेतली आठवीची मुलं. सातवीत 55 टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातीला 50). पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. फॉर्म शाळेतूनच भरला जातो.

परीक्षा कशी असते?
दोन पेपर: बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय. प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एकच मिनिट!

घरी काय करायचं? सहावीपासूनच सुरुवात करा.

1. गटाचा हिशेब तोंडी विचारा. 6,000 रुपये कर्ज, महिना शेकडा 2 व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज किती? 120. मुद्दलातले 1,000 फेडले, तर पुढच्या महिन्याचं? 100. झाला की शेकडेवारीचा अभ्यास!

2. "उत्तर कसं आलं?" हे विचारा. 2, 6, 12, 20, 30, पुढं काय? दोन आकड्यांमधला फरक बघा: 4, 6, 8, 10. फरक दर वेळी 2 नं वाढतोय. आता 12 मिळवायचे, उत्तर 42. तुम्हाला उत्तर येत नसलं तरी चालेल. मूल समजावून सांगायला लागलं की त्याचं त्यालाच चुकलेलं कळतं.

3. घड्याळ लावा. शाळेतून जुन्या प्रश्नपत्रिका मागून घ्या. आठवड्यातून एकदा 20 प्रश्न, 20 मिनिटं. अडलेला प्रश्न सोडून पुढं जायचं, शेवटी परत यायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

आणि हो, घरकाम मुलीच्याच वाट्याला आलं तर अभ्यास कधी होणार? रोजचा अर्धा तास तिला मोकळा द्या.

पुढच्या बैठकीत आपल्या गटातली सातवी-आठवीची मुलं किती, याची यादी करा. मुख्याध्यापकांना भेटून फॉर्मची तारीख विचारा आणि ती गटाच्या वहीतच लिहून ठेवा.