सरकारी बँकेचे अधिकार व शेतकऱ्याचें तारण

बँकेशीं व्यवहार करणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंत दोन समजुती सर्रास आढळतात, आणि त्या दोन्ही चुकीच्या आहेत. बँक सरकारची आहे, तेव्हां सरकारास जें करतां येतें तें सर्व तिलाही करतां येत असलें पाहिजे, ही पहिली. बँक सरकारची आहे, तेव्हां ती खासगी सावकारासारखी आपल्या चीजवस्तूस हात लावणार नाहीं, ही दुसरी. पहिलीनें मनुष्य उगाच भितो, दुसरीनें तो गाफील राहतो. वस्तुतः सरकारी बँक म्हणजे सरकार नव्हे. कायद्यानें निर्माण केलेली ती एक स्वतंत्र संस्था आहे. त्या कायद्यानें जेवढें दिलें तेवढेंच तिला करतां येतें, आणि तेवढें मात्र ती पुरेपूर करूं शकते.

हा विषय हातीं घेण्यास एक निमित्त झालें. आमच्या संघाचे एक सभासद हळदीची पट्टी हातीं आल्यावर गहाण सोनें सोडविण्यास एका सरकारी बँकेच्या शाखेंत गेले. सोन्यावरील कर्ज व्याजासुद्धां भरलें, पावती मिळाली, पण सोनें मिळालें नाहीं. त्यांच्या नांवें पीककर्ज थकलें होतें, तें भरल्यावांचून दागिने सुटणार नाहींत असें उत्तर मिळालें. घरांत मुलीचें लग्न बारा दिवसांवर आलेलें. ते आमच्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन: असें करण्याचा बँकेस अधिकार आहे काय? उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नसल्यामुळें थोडें मागून सांगावें लागतें.

बँकेनें कोणता धंदा करावा हें कायद्यानें बांधून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबई, बंगाल व मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका एकत्र करून १९२१ सालीं इंपीरियल बँक निघाली. तिच्या १९२० च्या कायद्यांत सहा महिन्यांहून अधिक मुदतीचें कर्ज देऊं नये, व स्थावर मिळकतीच्या तारणावर तर मुळींच देऊं नये, असे निर्बंध होते. ठेवीदारानें मागतांच पैसा परत देणें बँकेस भाग असतें, तेव्हां तो विहिरींत वा बांधबंदिस्तींत वर्षानुवर्षें अडकूं नये, हा त्यांतील हेतु. आणि तो सर्वस्वीं गैर होता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ज्याचें सारें धन जमिनींत आहे आणि ज्याचें पीक सहा महिन्यांच्या हिशेबांत बसत नाहीं, त्या मनुष्यास या बँकेचा दरवाजा बंदच राहिला. पुढें रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या गोरवाला समितीनें, जिचे धनंजयराव गाडगीळ हे एक सभासद होते, १९५१-५२ सालची पाहणी केली. शेतकऱ्यानें काढलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जांत व्यापारी बँकांचा वांटा अवघा ०.९ रुपया निघाला, सहकारी संस्थांचा ३.१, आणि धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून ६९.७. या समितीच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजीं इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

नंतर १९ जुलै १९६९ रोजीं ज्यांच्या ठेवी ५० कोटि रुपये वा अधिक होत्या अशा चौदा बँका केंद्र सरकारनें वटहुकमानें घेतल्या. पुण्यास १९३५ सालीं स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. रुस्तम कूपर या भागधारकाच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें १० फेब्रुवारी १९७० रोजीं तो कायदा रद्द ठरविला; चारच दिवसांनीं दुसरा वटहुकूम निघाला, आणि त्याचा पुढें १९७० चा पांचवा कायदा झाला. आजही या बँकांचा आधार तोच कायदा आहे. १५ एप्रिल १९८० रोजीं आणखी सहा बँका घेण्यांत आल्या; १ एप्रिल २०२० च्या विलीनीकरणानंतर स्टेट बँक धरून अशा बँका बारा उरल्या. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यांत मोडत नाहीं; ती सभासदांची संस्था असून तिचा कायदा निराळा.

आतां मुद्याकडे येऊं. १९७० च्या कायद्याचें कलम ३ सांगतें कीं, अशा प्रत्येक बँकेनें बँकिंगचा धंदा करावा, आणि १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ६ मध्यें नमूद केलेल्या इतर धंद्यांपैकीं एक वा अनेक करावे. स्टेट बँकेच्या कायद्याचें कलम ३३ हेंच सांगतें. बँकिंग म्हणजे काय याची व्याख्या थोडक्यांत अशी: कर्जाऊ देण्यासाठीं वा गुंतविण्यासाठीं लोकांकडून ठेवी घेणें, आणि त्या मागतांच अगर ठरल्या मुदतीस चेकानें वा अन्य रीतीनें परत करणें. कलम ६ ची यादी बरीच लांब आहे. तारणासह वा तारणाविना कर्ज देणें, हुंड्या वटविणें, हमी देणें, मौल्यवान वस्तु सुरक्षित ठेवणें, सोनेंचांदी खरेदी-विक्री करणें, सरकारचें मुनीमपण करणें, मृत्युपत्राची व्यवस्था पाहणें, आणि तारणापोटीं हातीं आलेली मिळकत सांभाळून विकणें, इतके प्रकार तींत येतात. शेवटीं, केंद्र सरकार राजपत्रांत जाहीर करील तो धंदा, असा एक मोकळा दरवाजा ठेवला आहे.

या यादींत मालाचा व्यापार नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. खासगी बँकांना मालाच्या खरेदी-विक्रीची मनाई कलम ८ नें स्पष्ट शब्दांत केली आहे. सरकारी बँकेच्या बाबतींत तेंच फळ यादीवरून निघतें, कारण जें यादींत नाहीं तें तिला करतां येत नाहीं. बँक तुमची हळद विकत घेऊन भाव येईपर्यंत धरून ठेवूं शकत नाहीं. बीबियाण्याचें दुकान मांडूं शकत नाहीं. वखारीच्या पावतीवर तिनें कर्ज दिलें आणि तें बुडालें, तर ती हळद ती विकूं शकते, पण ती विक्री तारणाची वसुली होय, व्यापार नव्हे.

त्या मोकळ्या दरवाजानें मात्र ऑगस्ट २००० मध्यें विम्याचा धंदा आंत आला, आणि तेव्हांपासून शाखेंतील टेबलावर कर्जाच्या अर्जाशेजारीं विम्याचा अर्ज दिसूं लागला. विमा विकण्याचा बँकेस अधिकार आहे, हें खरें. परंतु तो घेणें न घेणें ग्राहकाच्या इच्छेचें असून बँकेच्या सेवेशीं त्याची सांगड घालूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ट्रॅक्टरासारख्या तारणाचा विमा करारांत मागितला जातो व तो रास्तही आहे. पण तो अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ति करतां येत नाहीं. पीकविम्याची गोष्ट थोडी निराळी. २०२० च्या खरिपापासून तो कर्जदारासही ऐच्छिक झाला, मात्र नको असल्यास मुदतीच्या सात दिवस आधीं तसें लेखी कळवावें लागतें. गप्प बसणें म्हणजे होकार. ही अट आम्हांस उलटी वाटते, पण आहे ती अशी आहे.

तारणाकडे वळूं. शेतीच्या २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास बँकेनें तारण मागूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. त्यापूर्वीं ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. जुलै २०२५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें असाही खुलासा केला कीं, कर्जदारानें स्वतःच्या इच्छेनें सोनें वा चांदी ठेवली तर तो या आदेशाचा भंग धरला जाणार नाहीं. 'स्वतःच्या इच्छेनें' हे शब्द कागदावर फार सोपे आहेत. ज्याची पेरणी खोळंबली आहे, त्याची इच्छा कोणती व निरुपाय कोणता, हें सहीवरून कळत नाहीं.

जमीन तारण द्यावयाची तर बँका व शेतकी कर्जें यांसंबंधींच्या महाराष्ट्राच्या १९७४ च्या कायद्यान्वयें घोषणापत्र लिहून देण्याची सोय आहे. बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो. तो चढला म्हणून जमीन बँकेची होत नाहीं. आणि येथेंच शेतकऱ्यास मिळालेलें सर्वांत मोठें संरक्षण आहे. २००२ च्या ज्या कायद्यानें, ज्यास सामान्यतः 'सरफेसी' म्हणतात, बँकांना साठ दिवसांची नोटीस देऊन कोर्टाची पायरी न चढतां तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार मिळाला, त्याच कायद्याचें कलम ३१ म्हणतें कीं, शेतजमिनीवरील तारणहक्कास तो लागू नाहीं. शेतजमिनीवरून वसुली करावयाची तर बँकेनें दिवाणी दावा लावावा, २० लाखांपासून पुढें कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावें, अगर राज्याच्या कायद्याची वाट धरावी. नुसत्या नोटिशीनें कोणी शेतांत पाय ठेवील तर तो अधिकारानें आलेला नाहीं, असें खुशाल समजावें.

पण या संरक्षणाच्या सीमा नीट पाहाव्या. गांवठाणांतील घर, बिनशेती केलेला तुकडा, गोदाम, ट्रॅक्टर यांना तें नाहीं. कर्ज शेतीसाठीं काढलें होतें हें सांगून उपयोग नाहीं, कारण कायदा पाहतो तो तारणाकडे, कर्जाच्या हेतूकडे नव्हे. शिवाय सातबाऱ्यावर 'शेती' असा शब्द असणें पुरेसें नाहीं. गोव्यांतील एका मोठ्या हॉटेलाच्या तारणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला होता. त्यांतील कांहीं जमीन दप्तरीं शेतीची आहे, म्हणून ती सुटावी, असें हॉटेलवाल्यांचें म्हणणें. २०१८ सालीं न्यायालयानें तें मानलें नाहीं. जमीन प्रत्यक्ष शेतीकडे लागली आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे, असें ठरविलें. रस्त्याकडेचें रान पडीक टाकून त्यावर धाबा उभारणाऱ्यांनीं हें वाचून ठेवावें.

हुकूमनामा झाल्यावरही सर्वच जप्त होत नाहीं. दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ६० प्रमाणें शेतकऱ्याचीं अवजारें, उपजीविकेस लागणारीं जनावरें व बियाणें, आणि त्याचें राहतें घर यांस जप्तींतून सूट आहे. तेंच घर आपण होऊन गहाण लिहून दिलें असेल तर मात्र या सुटीचा आधार उरत नाहीं.

व्याजासंबंधीं थोडेंच सांगतों. व्याज अवाच्या सव्वा आहे म्हणून बँकेचा व्यवहार कोर्टानें पुन्हां उघडूं नये, असें कलम २१-अ मध्यें १९८४ पासून आहे. २०१८ च्या एका निकालानें शेतकऱ्याच्या कर्जनिवारणासाठीं राज्याचा कायदा असेल तेथें त्यास मुरड घातली. आणि अल्पभूधारक व सीमांत शेतकऱ्याच्या अल्पमुदतीच्या कर्जावर आकारलेलें एकूण व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आमचा जुना दामदुपटीचा नियम या वाटेनें परत आला, याचें आम्हांस समाधान वाटतें. खातेउताऱ्यावर तो पाळला गेला आहे कीं नाहीं हें ज्याचें त्यानें पाहावें.

सरकारचा हात किती? १९७० च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणें केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचा सल्ला घेऊन सार्वजनिक हिताच्या धोरणापुरते आदेश देऊं शकतें. अमक्याचें कर्ज मंजूर करा वा तमक्याचें सोडा, हें धोरण नव्हे. सभेंत कोणी कर्जमाफीचा शब्द दिला म्हणून खातें बंद होत नाहीं. माफी म्हणजे सरकारनें कर्जदाराऐवजीं बँकेस पैसे भरणें, आणि ते भरले जाईपर्यंत व्याज चालू असतें. या भरंवशावर हप्ता चुकविलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

आतां आमच्या सभासदांच्या सोन्याविषयीं. १८७२ च्या करार कायद्याचें कलम १७१ बँकरास असा हक्क देतें कीं, आपल्या हातीं आलेला माल त्यानें ग्राहकाकडील एकूण बाकीसाठीं अडवून धरावा, विरुद्ध करार नसेल तर. उलट कलम १७४ म्हणतें कीं, एका कर्जासाठीं गहाण ठेवलेली वस्तु दुसऱ्या कर्जासाठीं अडवितां येत नाहीं, तसा करार नसेल तर. दोन्ही कलमांच्या आधारें कोर्टांत वाद झाले आहेत. पण दोहोंतही शेवटचा शब्द कराराचा आहे. म्हणून आम्ही त्यांस पहिली गोष्ट विचारली ती ही कीं, सही केलेला कागद कोठें आहे? तो त्यांच्यापाशीं नव्हता. कर्जाच्या कराराची व सोबतच्या कागदांची प्रत मंजुरीच्या वेळींच कर्जदारास द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांनीं मागितली नव्हती, आणि शाखेनें दिली नव्हती.

लेखी अर्ज केल्यावर प्रत चौथ्या दिवशीं मिळाली. बारीक इंग्रजी अक्षरांत सोळावी अट होती: हें सोनें कर्जदाराच्या बँकेकडील इतर कोणत्याही येण्यासही तारण राहील. बँकेचा अधिकार तेथें होता, तो त्यांच्याच सहीनें दिलेला. आम्ही त्यांस वाद न घालण्याचा सल्ला दिला. शाखेच्या व्यवस्थापकाशीं बोलणें करून थकलेलें व्याज भरलें, मुद्दलाची मुदत वाढवून घेतली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशीं दागिने सुटले. ती अट कागदांत नसती तर मार्ग निराळा होता: आधीं बँकेकडे लेखी तक्रार करावयाची, तीस दिवसांत उत्तर न आलें वा पटलें नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावयाचें. तेथें फी पडत नाहीं व वकीलही लागत नाहीं. तीस दिवस मात्र त्यांच्यापाशीं नव्हते.

ज्या सभासदांचें सोनें अगर जमीन सध्यां तारण आहे, त्यांनीं आपल्या कराराची प्रत मागवून संघाच्या कचेरींत आणावी. तींतील अटी मराठींत समजावून देण्याची व्यवस्था दर अमावास्येस, बाजार नसतो त्या दिवशीं, केली आहे.