पहिली खबर शाखेतूनच

चि. सुमेधा हिस,


शाखाधिकारी म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. ठेवी, कर्जवाटप, वसुली यांबद्दल तुला सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहितोय ते सहसा कोणी बोलत नाही अशा विषयावर: शाखेत कोणी हत्यारं घेऊन घुसलं आणि रोकड लुटून गेलं, तर पोलिसांना खबर कशी द्यायची. माझं म्हणणं थोडक्यात असं. पहिली खबर शाखेतूनच जावी, ताबडतोब जावी आणि तिच्यात फक्त पाहिलेलं, ऐकलेलं असावं. ती अपुरी असली तर बिघडत नाही. तिच्यात अंदाज मिसळला तर मात्र पुढचा सगळा तपास बिघडतो.

अशा वेळी हात आधी विभागीय कार्यालयाच्या नंबरकडे जातो. वरिष्ठांना न विचारता पोलिसांना कळवलं तर बँकेचं नाव खराब होईल, अशी धास्ती असते. कायद्यात या धास्तीला जागा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 प्रमाणे जबरी चोरी किंवा दरोडा झाल्याचं ज्याला माहीत आहे, त्यानं ते तात्काळ पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. कळवलं नाही, तर न कळवण्याला वाजवी कारण होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांनी चोरी, घरफोडी, जबरी चोरी, दरोडा आणि त्यांचे प्रयत्नसुद्धा रिझर्व्ह बँकेला लगेच, फार तर सात दिवसांत कळवायचे असतात. म्हणजे वरच्या कचेऱ्यांना दिवसांची मुदत आहे, पोलिसांच्या बाबतीत मिनिटांचा हिशेब आहे. नाकाबंदी लागायची ती लुटारू तालुक्याबाहेर पडायच्या आत. म्हणून 112 वर फोन लावायचा आणि एवढंच सांगायचं: बँक आणि शाखेचं नाव, जवळची खूण, किती वाजता काय घडलं, माणसं किती, हत्यार कोणतं दिसलं, कोणत्या वाहनानं कोणत्या दिशेला गेली, कोणी जखमी आहे का. समोरचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. विभागीय कार्यालयाला दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या फोनवरून कळवावं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. खबर देण्यानं कोणाचा जीव धोक्यात येत असेल तर? लुटारू आत असेपर्यंत उत्तर सोपं आहे: मागतील ते द्यायचं आणि कोणाच्या लक्षात न येता दाबता आली तरच धोक्याची घंटा दाबायची. रोकडीचा विमा असतो, माणसाचा जीव परत मिळत नाही. अवघड प्रसंग वेगळाच. फेब्रुवारी 2009 मध्ये डब्लिनला बँक ऑफ आयर्लंडच्या एका कर्मचाऱ्याच्या घरच्यांना ओलीस धरून त्याच्याकरवी कॉलेज ग्रीन शाखेतून 76 लाख युरो बाहेर काढण्यात आले. पोलिसांना कळलं ते पैसे बँकेतून गेल्यावर. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, अशी टीका तिथल्या न्यायमंत्र्यांनी उघडपणे केली. त्या कर्मचाऱ्याची कोंडी कोणालाही कळेल, त्याला दोष देणं अन्याय होईल. पण पोलिसांना सांगणं म्हणजे सायरन वाजवत गाडी दारात बोलावणं नव्हे. धमकी काय आहे हे कळलं तर केव्हा हलायचं आणि केव्हा लांबून लक्ष ठेवायचं, हे ठरवणं त्यांचं काम आहे. न कळवल्यानं तो निर्णय अशा माणसावर पडतो, ज्याच्या हातात ना माहिती असते ना साधन.

फोन झाला की दार आतून लावून घ्यायचं आणि जे प्रत्यक्ष हजर होते त्यांना, ग्राहकांनाही, एकेक कोरा कागद द्यायचा. आपसात बोलण्याआधी प्रत्येकानं आपापलं लिहावं. हा आग्रह कशासाठी, ते प्रयोगांनी दाखवलं आहे. 2003 साली गॅबर्ट, मेमन आणि अ‍ॅलन या संशोधकांनी दोघादोघांना एकाच घटनेच्या वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रफिती दाखवल्या. आपसात चर्चा केलेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, जोडीदाराकडून ऐकलेली निदान एक गोष्ट आपण पाहिली म्हणून सांगितली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांची आठवणच बदलली होती. रोखपालानं मोठ्यानं ‘लाल शर्ट होता’ म्हटलं, की पाच मिनिटांत सगळ्या शाखेला लाल शर्ट आठवू लागतो, आणि पोलिसांकडे पाच साक्षींऐवजी एकच साक्ष पाच वेळा जाते.

लिहितानाही पाहिलेलं आणि त्यावरून काढलेलं अनुमान वेगळं ठेवायचं. 1987 साली लुधियानात पंजाब नॅशनल बँकेतून सुमारे 5 कोटी 70 लाख रुपये लुटणारे पोलिसी गणवेशात आले होते. ‘पोलीस आले’ हे अनुमान झालं, ‘खाकी गणवेशातली माणसं आली’ हे पाहिलेलं झालं. लुटारूंचे शब्द आठवतील तसेच, त्यांच्याच बोलीत लिहावेत. 1963 साली इंग्लंडमध्ये टपालगाडीतून बँकांच्या सुमारे 26 लाख पौंडांच्या नोटा लुटणाऱ्यांनी गाडीतल्या माणसांना अर्धा तास हलू नका असं बजावलं होतं. तेवढ्यावरून लपायची जागा अर्ध्या तासाच्या अंतरात असेल असं पोलिसांनी ताडलं, आणि ती जागा, एक शेत, खरोखरच त्या टप्प्यात सापडली.

घाबरलेल्या माणसांना लिहायला बसवणं निर्दयपणाचं आहे, असं कोणी म्हणेल. ज्याचे हात थरथरताहेत त्याला आधी पाणी दे, शेजारी कोणाला तरी बसव, जखमीला आधी दवाखान्यात पाठव. बोलू नका असं सांगायचं ते घटनेच्या तपशिलाबद्दल. धीर देण्यावर बंदी नाही. दोन ओळी लिहून झाल्या तरी पुरे. ज्याला लिहिणं जमतच नाही, त्यानं पोलीस येईपर्यंत वेगळं बसावं.

पैशाच्या आकड्याबाबत सर्वांत जास्त सावध राहा. लुटारू गेल्यावर प्रत्येकजण विचारतो, ‘किती गेले?’ रोकड मोजून पुस्तकाशी ताळमेळ बसेपर्यंत त्याला एकच उत्तर: मोजणी पूर्ण झालेली नाही. घाईत सांगितलेला आकडा वर्तमानपत्रात छापून येतो आणि नंतर खरा आकडा वेगळा निघाला, की संशयाची सुई तुझ्याच रोखपालाकडे वळते. मोजणीही पंचनामा झाल्यावरच कर. तोवर ज्या काउंटरवर लुटारूंनी हात टेकले, ज्या खणात हात घातला, त्याला कोणी हात लावू नये. ठसेतज्ज्ञ आल्यावर सापडायचं ते तिथंच सापडेल. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का ते पाहून फरकाची मिनिटं लिहून ठेव. ते चित्रण न्यायालयात जाताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, तेव्हा या नोंदीचा उपयोग होईल.

आणखी एक आक्षेप वकील मंडळींकडून ऐकू येईल: अर्धवट फिर्याद दिली तर आरोपीचं फावतं, सगळं जुळवून मगच द्यावी. न्यायालयांचा अनुभव नेमका उलटा आहे. उशिरा दिलेल्या फिर्यादीत मागाहून सुचलेल्या गोष्टींची भर पडते, असा इशारा सर्वोच्च न्यायालयानं 1972 सालच्या थुलिया काली खटल्यात दिला आहे. प्रथम खबरीत बारीकसारीक सगळं आलंच पाहिजे असं नाही, हेही अनेक निकालांत म्हटलं आहे; राहिलेलं पुरवणी जबाबात देता येतं. लुटारू किती होते एवढं मात्र दिसलं तसंच सांग. पाच किंवा जास्त असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 310 खाली दरोडा होतो, कमी असतील तर कलम 309 खाली जबरी चोरी. कलम लावणं पोलिसांचं काम आहे, मोजून सांगणं आपलं. हद्दीचा वाद निघाला तर घाबरू नकोस. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं बंधनकारक आहे, असं ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच ठरलं; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे ती कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नकोस.

हे सारं त्या दिवशी आठवायचं नसतं, आधी ठरवायचं असतं. येत्या आठवड्यात कामकाज संपल्यावर शिपायापासून सगळ्यांना एकत्र बसव. फोन कोण करणार, तो रजेवर असला तर कोण, दार कोण लावणार, कागद कुठं ठेवलेत, हे नावानिशी ठरव आणि ठाण्याच्या अधिकाऱ्यांना एकदा शाखा दाखव. आपल्या माणसांचा जीव आणि त्यांचा खरेपणा, दोन्ही सांभाळणं हे शाखाधिकाऱ्याचं पहिलं काम आहे. ते तू नीट करशील याची मला खात्री आहे.

तुझा,
मामा