अमेरिकेस जाऊ इच्छिणाऱ्या भोरच्या चिरंजीवास



पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील कानंद खोऱ्यात वाढलेल्या आणि भोरला पदवी घेतलेल्या तरुणाने अमेरिकेत जाऊन कवी व प्राध्यापक होण्याची इच्छा धरावी, यात गैर काहीच नाही; मात्र तिकडचे विद्यापीठच कवी घडवते, अशी जी समजूत चिरंजीवाच्या पत्रातून डोकावते, ती प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी तपासून घेतलेली बरी. 1936 साली आयोवा विद्यापीठात लेखन-कार्यशाळा सुरू झाली आणि त्या काळात अमेरिकेत ‘सर्जनशील लेखन’ हा पदवीचा विषय झाला, म्हणजे विद्यार्थ्याचा कवितासंग्रहच प्रबंध म्हणून स्वीकारला जाऊ लागला आणि अशी पदवी घेतलेला कवी पुढे त्याच विषयाचा अध्यापक होऊ लागला. या व्यवस्थेने अनेक कवींच्या पोटाची सोय केली, हे खरे. परंतु भोरच्या विद्यार्थ्याने ज्याचे चरित्र आधी वाचावे, तो कवी त्या वाटेने गेलेला नाही.

ए. के. रामानुजन यांचा जन्म 1929 साली म्हैसूरच्या एका तमिळ कुटुंबात झाला. वडील गणिताचे प्राध्यापक असल्याने माडीवर इंग्रजी, खाली स्वयंपाकघरात तमिळ आणि दाराबाहेर कन्नड, अशा तीन भाषा त्यांना एकाच घराच्या आसपास मिळाल्या. इंग्रजीचे अध्यापन करीत ते बेळगावला आणि पुढे बडोद्याला आले, 1958 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकले आणि 1959 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंडियाना विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी प्रबंध लिहिला तो कन्नडच्या व्याकरणावर, आणि 1962 पासून 1993 साली मृत्यू येईपर्यंत शिकागो विद्यापीठात शिकवले ते द्राविडी भाषा व साहित्य. इंग्रजी कवितांचा पहिला संग्रह 1966 साली आला, कन्नड कवितांचा 1969 साली. अमेरिकेतील प्रतिष्ठेची मॅकआर्थर फेलोशिप त्यांना 1983 साली मिळाली. सन्मानांची यादी येथे लांबवण्याचे कारण नाही, कारण चिरंजीवाला ती बहुधा पाठच असेल.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. प्राचीन तमिळ प्रेमकवितांचा ग्रंथ त्यांच्या हाती लागला तो शिकागोच्या ग्रंथालयाच्या तळघरात, आणि 1967 साली त्याची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध करून त्यांनी ती कविता जगापुढे ठेवली. अमेरिकेने त्यांना पगार, वेळ आणि ते तळघर दिले. पण ग्रंथ उघडल्यावर तो वाचू शकणारा कान म्हैसूरच्या स्वयंपाकघरातच तयार झाला होता.

प्राचीन तमिळ काव्याचे दोन भाग पडतात. ‘अकम्’ म्हणजे आतले, घराचे व प्रेमाचे काव्य, ज्यात कोणाचेही नाव घ्यायचे नाही असा संकेत असतो. ‘पुरम्’ म्हणजे बाहेरचे, राजे, युद्धे व कीर्ती यांचे काव्य, ज्यात नावे उघड येतात. अकम् काव्यात प्रत्येक भावावस्थेला एक भूप्रदेश नेमून दिलेला असून डोंगर हा प्रेमिकांच्या मीलनाचा प्रदेश होय, आणि त्याचे नाव पडले आहे ते बारा वर्षांनी फुलणाऱ्या कुरिंजीवरून. ही कुरिंजी आणि सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी एकाच कुळीतल्या. वेल्ह्याच्या जुन्या घरांचे कूड ज्या कारवीच्या काठ्यांचे असत, तिला तमिळ कवितेतल्या बहिणीसारखा मान मिळाला नाही, याचे कारण वनस्पतिशास्त्रात शोधून सापडणार नाही.

चिरंजीवाने पाठवलेल्या कवितांत तोरणा आहे, राजगड आहे, रायरेश्वराची शपथ आहे. हे सारे पुरम् झाले, आणि या तालुक्यांत त्याची उणीव कधीच नव्हती. पोवाड्यांपासून निवडणुकीच्या भाषणांपर्यंत ते अखंड चालू आहे. त्या कवितांत घर मात्र कोठेच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी 1980 च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या मावळी खेड्यांतून आणि पुढे अन्यत्रही बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम केले, आणि तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. ओवी, म्हणजे दळताना जात्याच्या लयीवर रचलेला व तोंडी चालत आलेला छंद, तंतोतंत अकम् नव्हे, कारण तिच्यात भावाचे, लेकराचे, गावाचे नाव बिनदिक्कत येते. तरीही मावळचे आतले काव्य म्हणून बोट दाखवावे असे दुसरे काही नाही. पिठाची गिरणी गावात आल्यावर जाते थांबले, आणि अशा संग्रहाबाहेर ओव्या आता केवळ म्हाताऱ्या बायकांच्या स्मरणात उरल्या आहेत.

परदेश टाळावा, असा याचा अर्थ नव्हे. विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक होते, फुलब्राइटवर 1967-68 मध्ये अमेरिकेस जाऊन परत आले, आणि ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र ज्या हाताने मराठीत आणले त्याच हाताने त्यांनी ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ आजच्या मराठीत उतरवला. रामानुजन तिकडेच राहिले, विंदा परतले. दोघांच्याही बाबतीत मुक्कामाचे ठिकाण गौण ठरले.

तेव्हा अर्जाची घाई एक वर्ष पुढे ढकलावी, आणि रामानुजन जेथे शिकले त्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाला प्रवेश मिळतो का, हे आधी पाहावे. भोरहून पुणे लांब नाही आणि खर्चही परवडण्याजोगा आहे. सुट्टीत घरी असताना आजीच्या ओव्या तिच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. उतरवून घेताना शब्द तिच्या उच्चाराप्रमाणेच लिहावेत, पुस्तकी वळणावर आणू नयेत; तिचे माहेर कोणते, ओवी कोणाकडून आली आणि कोणत्या प्रसंगी म्हणत, हेही प्रत्येक ओवीखाली नोंदवावे. पहिली वही भरली की तिची प्रत टपालाने पाठवावी. गडांवरच्या कविता तोवर पाठवल्या नाहीत तरी चालेल.