योरितोमोची भुते

जपानचा शोगुन मिनामोतो नो योरितोमो ११९९ साली वारला. वैरी झालेला भाऊ योशित्सुने व समुद्रात बुडालेला बालसम्राट अंतोकू यांची भुते दिसून तो घोड्यावरून पडला, अशी दंतकथा आहे. 'अझुमा कागामी' या बखरीत त्याची अखेरची तीन वर्षेच नाहीत. आम्ही खतावणी सांभाळणारी माणसे. पान गहाळ झाले की कुजबूज उठणारच!

परंतु याच बखरीत १२१२ ची एक नोंद आहे. सागामी नदीवरील पुलाच्या समारंभाहून परतताना योरितोमो घोड्यावरून पडला व लवकरच वारला, एवढेच ती सांगते. भुतांचे नाव नाही. तो पूल अपशकुनी, दुरुस्ती नको, असे सल्लागारांचे म्हणणे होते. योरितोमोचा मुलगा, शोगुन सानेतोमो याने ते मानले नाही. वाटसरूंच्या सोयीसाठी पूल दुरुस्त करण्याचा हुकूम त्याने दिला.