आळंदच्या यादीने दिलेला इशारा

कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद तालुका महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. २०२३च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर इथल्या मतदारयादीतून नावं वगळण्यासाठी तब्बल ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीला निघालेल्या एका बीएलओला (बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) त्यात आपल्याच नातेवाइकाचं नाव दिसलं. माणूस तर गावातच राहतो, मग नाव वगळा म्हणून सांगितलं कुणी? अर्जदार म्हणून ज्यांची नावं टाकली होती, त्यांनाही या अर्जांचा पत्ता नव्हता. घरोघर चौकशी झाली तेव्हा २४ अर्ज खरे निघाले, उरलेले ५,९९४ चुकीचे. ते फेटाळले गेले आणि फेब्रुवारी २०२३मध्ये पोलिसांत फिर्याद दाखल झाली.

कुणाचंही नाव चुकीने वगळलं गेलं नाही, असं निवडणूक आयोगाने पुढे सांगितलं. २०२५मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं आणि राज्य सरकारने तपासासाठी विशेष तपास पथक (एसआयटी) नेमलं.

सहा हजार अर्जांच्या आकड्याचं वजन कळायला आदल्या निवडणुकीचा निकाल आठवावा लागतो. २०१८मध्ये आळंदचा आमदार अवघ्या ६९७ मतांच्या फरकाने ठरला होता. कर्नाटकातच २००४मध्ये संतेमरहळ्ळीची जागा एका मताने गेली: एकाला ४०,७५२, दुसऱ्याला ४०,७५१. ‘माझ्या एका मताने काय फरक पडतो?’ असं म्हणणाऱ्याला यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

शेजारच्या बीदर, भालकी, औराद, बसवकल्याणच्या जुन्या पिढीला मताच्या हक्काची किंमत वेगळ्या अर्थाने कळली होती. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत, हे इथे पहिल्यांदा घडलं ते १९५१-५२च्या निवडणुकीत. तेव्हा वयाची अट २१ होती. ६१व्या घटनादुरुस्तीने ती १८वर आणली आणि १९८९पासून कॉलेजातली पोरंही मतदार झाली.

आज सतरा पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती, ती हुकली की वर्ष जायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. नव्या मतदाराने फॉर्म ६ भरायचा. सोबत फोटो, वयाचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा लागतो. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र आणि पत्त्यासाठी बँकेचं पासबुक चालतं. अर्ज ऑनलाइन करावा किंवा गावच्या बीएलओकडे द्यावा. बीएलओ बहुधा अंगणवाडी ताई किंवा प्राथमिक शाळेचे गुरुजी असतात. त्यांचा नंबर घरात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा.

सीमाभागात खरा घोळ होतो तो लग्नानंतर. उदगीर-देवणीची मुलगी भालकीत सून म्हणून येते. तिचं नाव माहेरच्या यादीत असतं आणि इथे कुणीतरी तिच्याकडून पुन्हा फॉर्म ६ भरून घेतं. हा फॉर्म पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. आधीच मतदार असलेल्याने पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा, मग राज्य बदललेलं असो वा नसो. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची परवानगी नाही आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. सासरच्या मंडळींनी सुनेच्या रेशनकार्डाइतकीच या फॉर्मचीही काळजी घ्यायला हवी. तिचं मत हा तिचा स्वतःचा हक्क आहे.

दुसरा घोळ कामासाठी बाहेर पडणाऱ्यांचा. या भागातून हैदराबाद, पुणे, मुंबईकडे माणसं जातात. यादीच्या पडताळणीच्या वेळी दाराला कुलूप आणि शेजारी म्हणतो, ‘ते गेले गाव सोडून.’ तेवढ्यावरून ‘स्थलांतरित’ असा शेरा बसू शकतो. जाण्याआधी बीएलओला आणि शेजाऱ्याला स्पष्ट सांगून जावं की आपण परत येणार आहोत. कायमचंच जाणार असाल, तर जिथे राहाल तिथे फॉर्म ८ भरावा.

हातात वोटर कार्ड आहे म्हणजे मत आहे, असंही समजू नये. कार्ड हरवलं तर आधार, पॅन किंवा नरेगाचं जॉबकार्ड दाखवून मत देता येतं, पण यादीत नाव नसेल तर कुठलंही कार्ड कामाचं नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी, आणि निवडणुकीच्या आधी नक्कीच, नाव तपासावं. कर्नाटकात यादी कन्नडमध्ये असते. मराठी घरातल्या ज्या आजीला ती वाचता येत नाही, तिला शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातवाने वाचून दाखवावी आणि नाव, वय, नातं नीट उतरलंय का ते बघावं. चूक दिसली तर त्यासाठीही फॉर्म ८च आहे.

उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, म्हणून प्रचाराच्या गाड्या फिरू लागल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. नाव वगळण्याची नोटीस आली तर दुर्लक्ष न करता लेखी उत्तर द्यावं आणि पोच घ्यावी. निर्णय विरोधात गेला तर १५ दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि तिथेही दाद मिळाली नाही, तर त्यानंतर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. काही अडलं तर १९५० हा हेल्पलाइन नंबर फिरवावा आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक जवळ लिहून ठेवावा.