पंचगंगेच्या काठचा रोमन समुद्रदेव

"आपण रोमन कॅथोलिक, म्हणजे आपण रोमचे का?" शाळेत मित्रांनी चिडवल्यावर आमच्या धाकट्याने घरी येऊन विचारले. उत्तर देताना आम्हीच अडखळलो. सुट्टीत साताऱ्याहून काका-काकू आले, तेव्हा आम्ही सर्वजण सांगलीहून कोल्हापूरला गेलो. जाऊन-येऊन एका दिवसाची सहल.

तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्राँझची एक लहान मूर्ती आहे. ग्रीक लोक या समुद्रदेवाला पोसायडन म्हणत, रोमन लोक नेपच्यून. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४६ च्या काळात उत्खनन झाले, त्यात ती मिळाली. ती सातवाहन काळातील. तिच्याबरोबर इथल्याच कारागिरांनी घडवलेला, स्वार बसलेला हत्तीही सापडला.

"समुद्र नसलेल्या गावात समुद्रदेव कसा?" मुलांचा पुढचा प्रश्न. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे पावसाळी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला येत. माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे. परतीच्या जहाजांत मिरी, सुती कापड, रत्ने जात.

या व्यापाराचे मोठे केंद्र अलेक्झांड्रिया. नवा करार उघडून पाहा. कैदी संत पौलाला रोमकडे नेणारे जहाज अलेक्झांड्रियाचेच होते (प्रेषितांची कृत्ये २७:६). ते वादळात सापडले आणि माल्टा बेटाजवळ फुटले. ज्या जगात प्रेषित चालले-फिरले, त्या जगाची वाट आपल्या पंचगंगेपर्यंत येत होती. या मूर्तीवरून शुभवर्तमान तेव्हाच इथे आले असे मात्र ठरत नाही.

परतताना आम्ही धाकट्याला सांगितले, "बाळा, 'रोमन' म्हणजे रोमच्या धर्मगुरुपीठाशी, पोपमहाशयांशी, आपला असलेला ऐक्यभाव. तो काही आपल्या गावाचा पत्ता नव्हे. आपली माती इथली, बोली इथली, आणि प्रार्थनाही आपण मराठीतच करतो." तो म्हणाला, "मग उद्या शाळेत मी त्यांना त्या हत्तीचीही गोष्ट सांगेन."

बंधुभगिनींनो, मुलांनी असे विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर त्यांच्याबरोबर शोधायला निघा.

घरी करण्यासाठी : नकाशा समोर ठेवून सर्वांनी मिळून 'प्रेषितांची कृत्ये' अध्याय २७ वाचा. पौलाच्या प्रवासातली गावे शोधा. मग विचारा : "आपल्या विश्वासाविषयी कुणी चिडवले, तर आपण रागावतो की समजावून सांगतो?"